इटलीत लढून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे माणगावचे यशवंत घाडगे, ज्यांची समाधी कुठेच नाही

गणपतीला मुंबईहून गावी निघालेला चाकरमानी माणगावात अडकला नाही, असं सहसा होत नाही. इंदापूर मागे पडलं की गाड्यांची रांग लागते आणि बाजारपेठ पार होईपर्यंत सगळे ड्रायव्हरच्या नावाने बोटं मोडत बसतात. याच माणगावात तहसील कार्यालयाजवळ एका सैनिकाचा पुतळा आहे. हा पुतळा शिवकाळातल्या कुणा सरदाराचा नाही आणि कारगिलच्या कुणा जवानाचाही नाही. हा माणूस १९४४ साली माणगावपासून हजारो किलोमीटर दूर, इटलीतल्या एका डोंगरावर जर्मनांशी लढताना गेला. तेव्हा त्याचं वय होतं २२.

नाव नाईक यशवंत घाडगे. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोनच जवानांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यातले हे पहिले.

पदकामुळे त्यांचं नाव इतिहासात गेलं खरं. पण नीट बघितलं तर कागदोपत्री नोंद झाली ती त्यांच्या आयुष्यातल्या शेवटच्या काही मिनिटांची. त्याआधीची बावीस वर्षं शोधायची तर ज्या गावातून आणि ज्या पलटणीतून ते गेले, तिथून सुरुवात करावी लागते.

नोंदीप्रमाणे त्यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा. गाव पळसगाव, तालुका माणगाव. आज आपण ज्याला रायगड जिल्हा म्हणतो तो तेव्हा कुलाबा जिल्हा होता, हे नाव १९८१ ला बदललं. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा पट्टा. पावसाळ्यात धो धो पाऊस, एक भाताचं पीक, वरकस जमिनीवर नाचणी-वरी आणि मग पुढचे सात-आठ महिने हाताला काम नाही. शेताचे तुकडे इतके लहान की दोन भावांत वाटले तर कुणाचंच पोट भरू नये.

अशा घरातल्या तरुणासमोर तेव्हा मोजके रस्ते होते. एक, मुंबईला जाऊन गिरणीत लागणं. दुसरा, गोदीत किंवा कुणाच्या तरी पेढीवर हमाली. आणि तिसरा, पलटण. कोकण आणि घाटावरच्या गावांमधून इंग्रजांच्या मुंबई फौजेत भरती होण्याची रीत दीडशे वर्षांची जुनी होती. पलटणीत गेलेल्या माणसाची मनीऑर्डर दर महिन्याला घरी यायची, सुट्टीवर आला की अंगावर कडक खाकी असायची आणि रिटायर झाल्यावर पेन्शन. गावात सुभेदार किंवा हवालदार म्हणून ज्याला मान मिळायचा, त्याच्याकडे बघून पुढची पोरं भरतीला उभी राहायची. इंग्रजांच्या राजावर प्रेम होतं म्हणून कुणी जात नव्हतं.

यशवंत घाडगे ज्या रेजिमेंटमध्ये गेले तिची मुळं १७६८ सालची. ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईत उभारलेल्या शिपायांच्या बटालियनपासून ती सुरू होते. पुढे तिचं नाव झालं ५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि १९२२ पासून तिचं प्रशिक्षण केंद्र बेळगावला आलं. आजही ते तिथेच आहे. घाडगे होते या रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनमध्ये. फौजी भाषेत ‘थ्री-फाइव्ह मराठा’.

या थ्री-फाइव्हची एक आधीची गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिचं टोक इटलीपर्यंत जातं. मार्च १९४१ मध्ये ही बटालियन आफ्रिकेत, इरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांमध्ये इटालियन फौजेशी लढली. तिथल्या सरळसोट कड्यांवर मराठे चढले तेव्हा त्यांचे कमांडर होते लेफ्टनंट कर्नल डेनिस रीड. शिवाजी महाराजांच्या नावाचा जो जयजयकार आज मराठा लाइट इन्फन्ट्रीची युद्धघोषणा आहे, तो रणांगणावर याच लढाईत पहिल्यांदा दुमदुमला, असं रेजिमेंटमध्ये सांगितलं जातं. पुढे १९४२ मध्ये हे रीडसाहेब वाळवंटातल्या लढाईत पकडले गेले, इटलीतल्या युद्धकैद्यांच्या छावणीत गेले आणि तिथून निसटले. आणि १९४४ मध्ये मेजर जनरल होऊन ज्या १० व्या इंडियन डिव्हिजनचे ते प्रमुख झाले, तिच्यातच त्यांची जुनी थ्री-फाइव्ह मराठा होती.

आता मुळात प्रश्न असा, की माणगावच्या पोराचं इटलीत काय काम?

३ सप्टेंबर १९३९ ला व्हॉइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात उतरल्याचं जाहीर करून टाकलं. भारतातल्या कुठल्याही नेत्याला विचारलं नाही. याच्या निषेधात प्रांतांमधल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, त्यात मुंबई प्रांताचं बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळही होतं. पण भरती थांबली नाही. युद्ध सुरू झालं तेव्हा दोन लाखांच्या आसपास असलेली इंडियन आर्मी १९४५ पर्यंत २५ लाखांवर गेली. सक्तीची भरती नव्हती, सगळे स्वतःहून आलेले. यात देशप्रेम किती, पोट किती आणि थोरल्या भावाच्या फौजी बुटांचं आकर्षण किती, याचा हिशोब कुठल्याच दप्तरात नाही.

१९४३ च्या सप्टेंबरमध्ये दोस्त फौजा इटलीत उतरल्या. त्यांच्यासोबत टप्प्याटप्प्याने तीन भारतीय डिव्हिजन गेल्या, ४ थी, ८ वी आणि १० वी. म्हणजे ५० हजारांहून जास्त भारतीय सैनिक. नकाशावर इटली बुटासारखा दिसतो, पण पायी चालणाऱ्या सैनिकासाठी तो म्हणजे एक डोंगर, मग नदी, मग पुन्हा डोंगर. जर्मनांनी याचाच फायदा उचलला. ४ जून १९४४ ला रोम पडलं, तरी जर्मन फौज पळून गेली नाही. ती सावकाश मागे सरकत होती. उत्तरेला ‘गॉथिक लाइन’ नावाची मोठी संरक्षक फळी बांधून होईपर्यंत त्यांना वेळ काढायचा होता. त्यामुळे प्रत्येक टेकडीवर थोडे सैनिक, काही मशिनगन आणि झाडाझुडपांत दबा धरलेले स्नायपर ठेवायचे. समोरच्याने हल्ला केला की त्याची जितकी माणसं मारता येतील तितकी मारायची आणि रात्री पुढच्या टेकडीवर जायचं.

टायबर ही रोममधून वाहणारी नदी. तिचं वरचं खोरं उंब्रिया भागात येतं. १० वी डिव्हिजन जूनच्या शेवटी इथे आली आणि पेरुज्याच्या उत्तरेला खोऱ्याच्या दोन्ही अंगांनी वर सरकू लागली. डोक्यावर जुलैचं ऊन, पायवाटांवर पेरलेले सुरुंग आणि वरच्या बाजूला बसलेला शत्रू. जीप जिथे जात नाही तिथे दारूगोळा आणि पाणी खेचरांवर लादून न्यायचं. खालून वर जाणाऱ्याला आडोसा नाही, वर बसलेल्याला सगळं दिसतं.

तारीख १० जुलै १९४४. नाईक यशवंत घाडगे यांच्या कंपनीला जर्मनांच्या एका भक्कम ठाण्यावर हल्ला करायचा होता.

पुढचं समजायला नाईक म्हणजे कोण हे माहिती पाहिजे. बाहीवर दोन फिती असलेला हा फौजेतला अगदी खालच्या पायरीचा अधिकारी. त्याच्या हाताखाली एक सेक्शन, म्हणजे दहाएक माणसं. नकाशे आणि वायरलेस मोठ्या साहेबांकडे. नाईक आपल्या पोरांच्या सोबत चालतो, त्यांच्यासोबत जेवतो, कुणाच्या घरून पत्र आलं नाही हे त्याला माहिती असतं. हल्ल्याच्या वेळी तो मागे नसतो. घाडगेंकडे बावीसाव्या वर्षी ही दहा माणसं होती.

सेक्शन वर चढत असताना अगदी जवळून मशिनगन सुरू झाली. त्या काळच्या जर्मन मशिनगन मिनिटाला हजाराच्या आसपास गोळ्या ओकायच्या. काही क्षणांत सेक्शनमधला एकेक जण कोसळला. कुणी जागीच गेला, कुणी जखमी. उभा राहिला फक्त सेक्शन कमांडर.

इथे थांबायला हरकत नव्हती. फौजेच्या कुठल्याही नियमाप्रमाणे, सेक्शनच उरला नाही तर एकट्या नाईकाने जमिनीला चिकटून पडून राहणं, मागच्या तुकडीची वाट बघणं यात काही गैर नव्हतं. कुणी बोट दाखवलं नसतं. पण ती मशिनगन चालू राहिली तर मागून येणाऱ्या सेक्शनचंही तेच होणार होतं, आणि जखमी होऊन उघड्यावर पडलेली आपली माणसं होतीच.

घाडगे एकटेच त्या मशिनगनवर धावून गेले. पहिल्यांदा त्यांनी ग्रेनेड फेकला. त्यात मशिनगन आणि ती चालवणारा, दोन्ही गप्प झाले. मग हातातल्या टॉमीगनने त्यांनी मोर्च्यातल्या आणखी एकाला टिपलं. आणि मॅगझिन संपलं.

टॉमीगन म्हणजे थॉम्पसन नावाची छोटी सबमशिनगन, सेक्शन कमांडरच्या हातात असायची ती. जवळच्या मारामारीत एकदम जबरी, पण तिचं मॅगझिन बघता बघता रिकामं होतं. रिकामं मॅगझिन काढायचं, पाऊचमधून दुसरं काढायचं, बसवायचं, खटका ओढायचा. सरावलेल्या माणसालाही काही सेकंद लागतात. समोर दोन जर्मन अजून जिवंत होते. घाडगेंनी तेवढे सेकंद घेतले नाहीत. त्यांनी बंदूक नळीकडून धरली, तिचा दस्ता सोट्यासारखा फिरवला आणि उरलेल्या दोघांना तिथेच संपवलं. रिकामी टॉमीगनही साडेचार-पाच किलोची असते.

सेक्शनला अडवणारा मोर्चा एका माणसाने घेतला होता. पण आजूबाजूच्या स्नायपरना तो आता स्पष्ट दिसत होता. एक गोळी छातीत लागली, एक पाठीत. जो मोर्चा त्यांनी घेतला होता त्यातच यशवंत घाडगे गेले.

हे सगळं कळतं ते व्हिक्टोरिया क्रॉसच्या अधिकृत नोंदीतून. ही नोंद लंडन गॅझेटमध्ये २ नोव्हेंबर १९४४ ला छापून आली. सरकारी इंग्रजीतला एक छोटा मजकूर. जगण्याची शक्यता जवळपास नाही हे माहिती असूनही हा माणूस पुढे गेला, असा त्याचा सूर आहे. गावाबद्दल, घराबद्दल, पाठीमागे कोण आहे याबद्दल त्यात काही असण्याचं कारणच नव्हतं.

पाठीमागे होत्या लक्ष्मीबाई. यशवंत घाडगेंच्या पत्नी.

त्या काळात परदेशातल्या आघाडीवरून गावात पत्र येणं हाच मोठा प्रसंग असायचा. शिपाई बहुतेक वेळा कुणाकडून तरी लिहून घ्यायचा, मग ते सेन्सॉरच्या हाताखालून जायचं आणि गावात आल्यावर मास्तर किंवा कुणीतरी शिकलेला माणूस ते वाचून दाखवायचा. आपण नेमके कुठे आहोत हे लिहायला परवानगी नसायची. त्यामुळे हजारो घरांना आपला माणूस ‘लढाईवर’ आहे एवढंच माहिती असायचं. इटली कुठे, टायबर कुठे, हे कळायची सोयच नव्हती. आणि मग एक दिवस सरकारी कागद यायचा. तोही दुसऱ्याकडूनच वाचून घ्यावा लागायचा.

३ मार्च १९४५ ला दिल्लीत लाल किल्ल्यावर मोठा समारंभ झाला. व्हॉइसरॉय लॉर्ड वेव्हेल स्वतः फौजी माणूस, फील्ड मार्शल. त्यांच्या हातून लक्ष्मीबाईंनी आपल्या नवऱ्याचा व्हिक्टोरिया क्रॉस स्वीकारला. ब्राँझचा एक छोटा क्रॉस, वर गडद लाल रिबन. १८५६ मध्ये सुरू झालेलं हे पदक इंग्रजांच्या फौजेतला सर्वोच्च सन्मान, आणि भारतीय शिपायाला ते मिळण्याची परवानगी १९११ पर्यंत नव्हतीच. म्हणजे १८५७ पासून पन्नासहून अधिक वर्षं भारतीय सैनिक इंग्रजांसाठी लढून मेले, तरी हे पदक त्यांच्या छातीवर लागत नसे.

आता योगायोग बघा. ज्या लाल किल्ल्यात मार्च १९४५ मध्ये इंग्रजांसाठी लढलेल्या सैनिकाच्या विधवेला पदक दिलं गेलं, त्याच लाल किल्ल्यात त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला उभा राहिला. शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरबक्षसिंग ढिल्लाँ. तेही याच इंडियन आर्मीतून आलेले. सगळा देश त्यांच्या बाजूने रस्त्यावर आला. आठ महिन्यांत सैनिकाकडे बघायची देशाची नजरच बदलली होती. आता हिरो तो होता ज्याने इंग्रजांविरुद्ध बंदूक उचलली.

मग इंग्रजांच्या बाजूने लढून मेलेल्यांचं काय करायचं? हा प्रश्न स्वतंत्र भारताने जवळपास बाजूलाच ठेवून दिला.

मराठवाड्यातलं उदाहरण घेतलं की हे पटकन कळतं. नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीजवळ १९४६ मध्ये गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. निजामाच्या राजवटीविरुद्ध उभे राहिलेले कार्यकर्ते. आज त्यांना मराठवाडा मुक्तिसंग्रामातले पहिले हुतात्मा म्हटलं जातं, अर्जापूरच्या महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे आणि ते योग्यच आहे. त्यांच्या आणि घाडगेंच्या मृत्यूमध्ये अंतर दोन-सव्वादोन वर्षांचं. पण पानसरे कशासाठी गेले हे सांगायला एक वाक्य पुरतं. घाडगे कशासाठी गेले हे सांगायला बसलं की हिटलर येतो, इंग्रज येतात, मनीऑर्डर येते, पलटणीची इज्जत येते आणि शेजारी पडलेला आपला सेक्शनमधला माणूस येतो. पाठ्यपुस्तकाला अशी गुंतागुंतीची माणसं सोयीची नसतात.

पण एक गोष्ट खरी, की जर्मनांच्या ताब्यातली ती गावं सुटली ती अशाच माणसांमुळे. जुलै संपेपर्यंत १० व्या डिव्हिजनने खोऱ्यातलं मुख्य शहर चित्ता दि कास्तेल्लो घेतलं. इटलीच्या मोहिमेत एकूण ५,७८२ भारतीय सैनिक मारले गेले. या मोहिमेत दिलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी ६ भारतीय सैनिकांचे. या सहापैकी तिघे पदक बघायला जिवंत होते, तिघे नव्हते.

जिवंत राहिलेल्यांत आणखी एक मराठी नाव आहे, नामदेव जाधव. संगमनेरजवळच्या निमजचे. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्याच पहिल्या बटालियनमधले. नोंदीप्रमाणे त्यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९२१, म्हणजे घाडगेंपेक्षा फक्त दोन दिवसांनी लहान. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीच्या काठावर त्यांनी गोळीबारातून जखमी साथीदारांना उचलून आणलं आणि मग एकट्याने शत्रूच्या मशिनगन बंद पाडल्या. ते परत आले आणि १९८४ पर्यंत जगले. स्वतःची गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगायला त्यांना जवळपास चाळीस वर्षं मिळाली. घाडगेंना ती संधी मिळाली नाही.

आणि त्यांना समाधीही मिळाली नाही. रोम आणि नेपल्सच्या मधे कॅसिनो इथे राष्ट्रकुलाची मोठी युद्धस्मशानभूमी आहे. तिथे कबरींच्या रांगांच्या मधोमध हिरव्या संगमरवराचे उंच स्तंभ उभे आहेत, ते म्हणजे कॅसिनो मेमोरियल. इटलीच्या मोहिमेत गेलेल्या, पण कुठे पुरलं किंवा कुठे दहन केलं हे ठाऊक नसलेल्या चार हजारांहून जास्त सैनिकांची नावं त्यावर कोरली आहेत. नाईक यशवंत घाडगे हे नाव त्यातलं एक. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला माणूस, नेमका कुठल्या मोर्च्यात गेला हे त्याच्या फौजेला माहिती, तरीही अखेरची जागा सापडत नाही, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण आघाडी रोज पुढे सरकायची. ज्या टेकडीवर आज लढाई झाली ती उद्या मागे पडायची. घाईत केलेल्या खुणा तोफगोळ्यांत आणि पावसात जायच्या.

भारतात माणगावने पुतळा उभारून आपलं माणूस लक्षात ठेवलं. इटलीत मात्र त्यासाठी जवळपास ७९ वर्षं जावी लागली. जुलै २०२३ मध्ये पेरुज्या प्रांतातल्या मोंतोने या टेकडीवरच्या जुन्या गावात तिथली नगरपालिका आणि इटालियन लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनी मिळून एका स्मारकाचं उद्घाटन केलं. भारताच्या इटलीतल्या राजदूत नीना मल्होत्रा त्यावेळी हजर होत्या. स्मारकाला नाव दिलंय व्हिक्टोरिया क्रॉस यशवंत घाडगे यांचं आणि ते आहे एक सूर्यघड्याळ. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन शब्द त्यावर आहेत. मोंतोनेपासून खाली बघितलं की टायबरचं तेच खोरं दिसतं, ज्याच्या दोन्ही अंगांनी जुलै १९४४ मध्ये १० वी डिव्हिजन वर चढत होती.